आधी बोर्ड, मग कॅबिनेट

४८६ चा बोर्ड आजही मिळतो. प्रोसेसर मिळतो, ७२ पिनांची रॅम मिळते, थोडा धीर धरला तर साउंड ब्लास्टर कार्डही हाती लागतं. जुना कॉम्प्युटर पुन्हा उभा करायला निघालेला माणूस अडतो तो कॅबिनेटपाशी. बाहेरून बघणाऱ्याला हे उलटंच वाटतं. आतली एवढी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स टिकली आणि पत्र्याचा धडधाकट डबाच कसा नाहीसा झाला?

त्यामागे सरळ व्यवहार आहे. बोर्ड हलका असतो, कपाटाच्या खणात राहतो, आणि एकेकाळी भरपूर पैसे मोजून घेतलेली वस्तू सहजासहजी फेकवत नाही. कॅबिनेट मात्र जागा अडवतं. घरात नवं मशीन आलं की सगळ्यात आधी तेच बाहेर जातं. भंगारातही बोर्डाला त्यावरच्या सोन्या-तांब्यामुळे वेगळा भाव असतो, म्हणून तो निवडून बाजूला ठेवतात आणि त्यातले काही फिरून बाजारात येतात. कॅबिनेट किलोवर जातं. पत्रा लोखंडाच्या ढिगात आणि पुढचं तोंड प्लॅस्टिकच्या पोत्यात. परदेशातून मागवायचं म्हटलं तर आठ-दहा किलोच्या आकारमानी वस्तूचा वाहतूकखर्चच वस्तूच्या किमतीवर जातो.

अशी टंचाई असल्यामुळे एखादं देखणं कॅबिनेट दिसलं की माणूस ते आधी उचलतो आणि मग त्यात बसेल असा बोर्ड शोधत फिरतो. हा क्रम चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. कॅबिनेट म्हणजे वरून चढवलेलं आवरण नव्हे. बोर्ड कुठे स्क्रूनं बसणार, कार्डं कुठल्या खाचेतून बाहेर डोकावणार, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कुठला लागणार, चालू-बंद करायचं बटण कुठल्या प्रकारचं असणार, हे सगळं त्यातच ठरलेलं असतं. म्हणून आधी बोर्ड हातात घ्यावा, त्याची जात ओळखावी आणि मगच बाजारात उतरावं.

जात ओळखायला थोडा इतिहास लागतो. आयबीएमचा पीसी १९८१ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्यात पाच स्लॉट होते, एकमेकांपासून एक इंच अंतरावर. १९८३ च्या एक्सटीमध्ये स्लॉट आठ झाले आणि अंतर ०.८ इंचावर आलं. हे ०.८ इंच पुढे कुणी बदललंच नाही. आजच्या ग्राफिक कार्डांच्या मागच्या खाचाही त्याच अंतरावर असतात, आणि जुना बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसवायची जी काही आशा उरते ती या एका मापामुळे. पहिल्या पीसीचा मूळ बोर्ड किंवा त्याची नक्कल कुणाकडे असेल तर मात्र त्याला पाच खाचांचं तेच जुनं कॅबिनेट हवं. दुसऱ्या कशातही कार्डं खाचेसमोर येणार नाहीत.

१९८४ मध्ये आयबीएम एटी आला. त्याचा बोर्ड १२ × १३.८ इंच, म्हणजे चांगलाच ऐसपैस. नक्कल करणाऱ्या कंपन्यांनी तो आवळून साधारण साडेआठ-नऊ इंच रुंद आणि जास्तीत जास्त तेरा इंच लांब केला. हाच बेबी एटी. ३८६, ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियमच्या काळात असेंबल केलेल्या बहुतेक मशिनांत हा बोर्ड असायचा. तो ओळखायला सोपा. मागच्या कडेला एकच गोल, पाच पिनांचा कीबोर्डचा सॉकेट असतो, बाकी काही नाही. सिरीयल, पॅरलल वगैरे पोर्ट चपट्या केबलनं मागच्या पत्र्यापर्यंत नेलेले असतात. आणि एसएमपीएसची जोडणी एका रांगेतल्या दोन सहा-पिनी कनेक्टरांनी, पी८ आणि पी९ नं होते. हे दोन्ही शेजारी लावताना काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या पाहिजेत. उलट लावले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स आणला. बोर्ड १२ × ९.६ इंच, सगळे पोर्ट मागे एका चौकटीत, वीस पिनांचा एकच पॉवर कनेक्टर, आणि बटण दाबलं की बोर्डच एसएमपीएसला जागं करतो. पेंटियम टू-थ्री वर विंडोज ९८ चालवायची असेल तर कॅबिनेटची चिंता जवळजवळ मिटते, कारण एटीएक्सची मापं आजही तीच आहेत. प्रश्न राहतो तो एसएमपीएसचा. त्या काळातले अनेक बोर्ड प्रोसेसरला लागणारी वीज ५ व्होल्टच्या तारेवरून घेतात. आजचे एसएमपीएस सगळी ताकद १२ व्होल्टवर ठेवतात. म्हणून घेताना एकूण वॅट न बघता लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचावं. आणखी एक सापळा म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीचे डेलचे काही बोर्ड. त्यांचा कनेक्टर दिसायला हुबेहूब एटीएक्सचा असतो, पण तारांचा क्रम वेगळा असतो. साधा एसएमपीएस लावला तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही जाऊ शकतात.

बेबी एटी आणि एटीएक्स यांच्या मधली जात म्हणजे एलपीएक्स. बोर्डाच्या मध्यभागी एकच लांब स्लॉट, त्यात उभं खोचायचं रायझर कार्ड, आणि कार्डं बोर्डाला समांतर आडवी. कंपन्यांच्या चपट्या डेस्कटॉपमध्ये हा बोर्ड वापरत. याचं अधिकृत मानक कधी ठरलंच नाही, म्हणून प्रत्येक कंपनीचा रायझर आणि मागची चौकट निराळी. एलपीएक्स बोर्ड सुटा मिळत असेल तर घेऊ नये. घ्यायचं तर पूर्ण मशीनच घ्यावं.

आता एटी कॅबिनेटकडे वळू, कारण खरी शोधाशोध त्याचीच असते. ते हाती आलं की देखणेपण नंतर बघावं, आधी पुढचं पॉवरचं बटण बघावं. एटीएक्समध्ये या बटणाला दोन बारीक तारा असतात आणि त्यांत ५ व्होल्ट. एटीमध्ये एसएमपीएसमधून निघालेली जाड काळी केबल थेट पुढच्या बटणापर्यंत येते आणि तिच्यात घरातली २३० व्होल्टची वीज असते. केबलमध्ये चार तारा: बहुधा तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी. दोन तारा भिंतीकडून येतात, दोन एसएमपीएसकडे जातात. भिंतीकडून आलेल्या दोन्ही तारा बटण दाबल्यावर जुळणाऱ्या एकाच जोडीच्या टोकांना लागल्या तर बटण दाबताक्षणी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात. रंगांवर विसंबू नये, सगळ्याच कंपन्यांनी ते पाळलेले नाहीत. प्लग भिंतीतून काढलेला असताना, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, बटण आत-बाहेर करत कुठली टोकं जुळतात ते आधी तपासावं आणि कागदावर काढून ठेवावं. टोकांवरचे प्लॅस्टिकचे कव्हर सुकून तडकलेले असतात. ते नवे घालावेत. हिरवी अर्थिंगची तार पत्र्याला घट्ट स्क्रूनं बसलेली असली पाहिजे आणि घरातल्या सॉकेटला खरोखरच अर्थिंग असलं पाहिजे. हे होईपर्यंत त्या कॅबिनेटमध्ये वीज सोडू नये.

अमेरिकेहून आलेल्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० अशी लाल सरकपट्टी असते. ती तिकडून ११५ वर आलेली असते. तशीच आपल्याकडे लावली तर क्षणात धडाका होतो. जुना एसएमपीएस उघडण्याची हौसही आवरावी. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात.

जुना एसएमपीएस गेलेलाच असेल तर एटीएक्सचा नवा एसएमपीएस, वीस पिनांवरून पी८-पी९ करणारी केबल आणि दाबलं की दाबलेलं राहणारं बटण, एवढ्यावर काम भागतं. आता बटणात २३० व्होल्ट राहत नाहीत, ही यातली मोठी सोय. फक्त −५ व्होल्ट मिळत नाही, कारण नव्या एटीएक्समधून ती तारच काढून टाकली आहे. बहुतेक ४८६ बोर्डांचं तिच्यावाचून अडत नाही, पण काही जुन्या साउंड कार्डांना ती लागते. त्यासाठी −१२ व्होल्टवरून ७९०५ रेग्युलेटरनं −५ व्होल्ट बनवणारी, जुन्या आयसा स्लॉटमध्ये बसणारी छोटी कार्डं हौशी मंडळींनी तयार केली आहेत.

बोर्ड बसवायच्या जागेची गंमत वेगळी आहे. बेबी एटी बोर्ड सगळीकडून स्क्रूनं आवळलेला नसतो. पितळी स्पेसर एक-दोनच असतात. बाकी छिद्रांत नायलॉनचे पांढरे पाय घालून ते पत्र्यातल्या किल्लीच्या भोकासारख्या खाचांत सरकवायचे असतात. हे पाय तीस वर्षांत ठिसूळ होतात, आणि नसतीलच तर कार्ड खोचताना बोर्ड खाली वाकतो. कॅबिनेट घेताना पायांची पुडी मागून घ्यावी. विकणाऱ्याच्या लेखी तिची किंमत शून्य असते. मागच्या खाचांच्या पट्ट्याही मोजाव्यात. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या तोडून काढायच्या असत, आणि एकदा तोडलेली पट्टी परत बसत नाही. पत्र्याच्या कडा मात्र सांभाळा. त्या काळातल्या हलक्या कॅबिनेटच्या कडा वळवलेल्या नसत, आणि हात कापल्याशिवाय काम झालं असं म्हणणारा जुना असेंबलर मिळणं कठीण.

पुढून बघताना कप्पे मोजायचे. सव्वापाच इंचाचे किमान दोन आणि बाहेर उघडणारा साडेतीन इंचाचा एक, एवढं हवंच. एका सव्वापाच इंची कप्प्यात सीडी-रॉम, दुसऱ्यात १.२ एमबीचा जुना फ्लॉपी ड्राइव्ह, आणि साडेतीन इंचात १.४४ एमबीचा ड्राइव्ह किंवा त्याच्या जागी यूएसबी पेनड्राइव्हवरून फ्लॉपी दाखवणारा गोटेक. बाहेर उघडणारा साडेतीन इंची कप्पा नव्या कॅबिनेटमधून केव्हाच गेला, आणि सव्वापाच इंचीही आता बहुतेकांत नसतो. काचेच्या भिंतींच्या आजच्या कॅबिनेटमध्ये विंडोज ९८ चं मशीन बसतं, चालतं, पण त्याला फ्लॉपी कुठून घालणार?

महाराष्ट्रात शोधायचं तर कुठे? ग्रँट रोड स्टेशनजवळचा मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा असेंबल केलेल्या पीसीचा जुना बाजार, पण तिथलं दुकान नव्या मालावर चालतं. जुनं कॅबिनेट हवं असेल तर दुरुस्ती करणाऱ्यांकडे, माळ्यावरच्या मालाची चौकशी करावी. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार ही नशिबाची ठिकाणं. तिथे वरचेवर जाणाऱ्यालाच काही मिळतं. माझा सगळ्यात जास्त भरवसा शाळा, कॉलेजं, पतसंस्था आणि छोट्या कारखान्यांवर आहे. त्यांच्याकडच्या वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेल्या असतात, आणि निर्लेखन झाल्याशिवाय त्या बाहेर काढता येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात वीस-पंचवीस वर्षं मशिनं एकावर एक रचलेली राहतात. त्यांच्या बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं डेडस्टॉक नंबर घातलेला असतो. हा नंबर खरवडून काढू नये. कुठल्या संस्थेत, कितव्या क्रमांकानं ते मशीन नांदलं, हा त्याचा उरलेला एकमेव दाखला असतो.

इथे कायद्याचं भान हवं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे मोठ्या संस्थांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादकाकडे, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्याकडे किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायचा आहे. म्हणजे वस्तू 'ई-कचरा' म्हणून कागदावर चढली की ती आपल्या हातात येणं कठीण. बोलणं त्याआधी व्हायला हवं, आणि प्राचार्यांशी बोलण्याआधी प्रयोगशाळा सहायकांशी बोलावं. कुठल्या कपाटामागे काय आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

मिळालेलं कॅबिनेट बहुधा पिवळं पडलेलं असतं, पण नीट बघितलं तर पुढचं तोंड तेवढं पिवळं, वरचा रंगवलेला पत्रा मूळ रंगाचाच. पिवळं पडतं ते एबीएस प्लॅस्टिक. आगीला अटकाव म्हणून त्यात घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनं, ऊन, उष्णता आणि हवा यांच्या संयोगानं हे होतं. २००८ च्या सुमारास हौशी मंडळींनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाचा उपाय शोधला. तो रेट्रोब्राइट या नावानं ओळखला जातो. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ६ टक्क्यांचं, म्हणजे बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं पेरॉक्साइड मिळतं, आणि सलूनच्या सामानाच्या दुकानात १२ टक्क्यांचं क्रीम. ऊन फुकट आहे, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पातळ प्लॅस्टिक तापून वाकतं, तेव्हा हिवाळ्यातली सकाळ बरी. हातमोजे आणि चष्मा घालावा, तुकडा पूर्ण बुडवावा किंवा क्रीम सारखं लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळावं आणि दर थोड्या वेळानं फिरवत राहावं, नाहीतर ढगांसारखे पांढरे पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत. पांढरंशुभ्र करायच्या नादी लागू नये. पत्र्याचा रंग शेजारी ठेवून, त्याच्याशी जुळला की थांबावं. पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो, हेही मनात धरावं. तोंडाच्या तुटलेल्या खिट्ट्या जोडायला फेव्हिक्विक पुरत नाही. एबीएसचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा भरला तर जोड मूळ प्लॅस्टिकइतका पक्का होतो.

एटी कॅबिनेट मिळालंच नाही तर? तडजोडी आहेत आणि त्यांत कमीपणा नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एटी आणि एटीएक्स असे दोन्ही बोर्ड घेणारी कॅबिनेट निघाली होती. मागची चौकट बदलली की एटीचा गोल सॉकेट त्यातून बाहेर येतो. ती अजूनही दिसतात आणि फारसं कुणी त्यांच्याकडे बघत नाही, म्हणून स्वस्त मिळतात. साध्या एटीएक्स कॅबिनेटमध्येही बेबी एटी बोर्ड काही छिद्रं जुळवून बसतो, स्लॉट खाचांसमोर येतात. गोल भोकाची मागची पट्टी थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यावी लागते. काही जणांनी प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवला आहे. मोनोटेकचा न्यूएक्सटी हा ८०८८ प्रोसेसरचा नवा बोर्ड मुद्दाम मायक्रो-एटीएक्स मापात बनवला आहे, म्हणजे एक्सटीच्या काळातलं मशीन आजच्या कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसतं. तैवानच्या सिल्व्हरस्टोननं २०२३ मध्ये एप्रिल फूलची गंमत म्हणून दोन फ्लॉपी ड्राइव्हचं तोंड असलेल्या बदामी डेस्कटॉपचं चित्र दाखवलं, आणि लोकांनी एवढं उचलून धरलं की २०२५ मध्ये एफएलपी०१ नावानं ते खरंच विकायला आलं. त्यातले फ्लॉपी ड्राइव्ह दिखाऊ आहेत, आत आजचा एटीएक्स बोर्ड बसतो. घरगुती कॉम्प्युटरवाल्यांचं नशीब आणखी चांगलं. १९८६ च्या कमोडोर ६४सी चे मूळ साचे सापडले आणि त्यांतून रंगीबेरंगी नवी कव्हर निघाली. पुण्यात डेसिबेल्स कंपनीनं सिंक्लेअरच्या परवान्यानं बनवलेला डीबी स्पेक्ट्रम कुणाकडे असेल तर त्याचं मूळ काळं कव्हर मात्र जिवापाड जपावं, नवं घालू नये.

एका गोष्टीला माझा विरोध आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये आजचा ताकदवान बोर्ड बसवायचा, याला 'स्लीपर' म्हणतात. कल्पना छान आहे. पण ४८६ ला जेमतेम काही वॅट लागत आणि एसएमपीएसचा एकच पंखा सगळ्या डब्याची हवा ओढत असे. आजचं मोठं ग्राफिक कार्ड एकटं ३०० वॅटच्या वर जातं. तेवढी हवा खेळवायला पुढचा पत्रा कापावा लागतो, ड्राइव्हचे पिंजरे उखडावे लागतात, आणि ते कॅबिनेट मूळ बोर्डासाठी कायमचं बाद होतं. स्लीपर करायचा तर २००० नंतरचं एटीएक्स कॅबिनेट घ्या, ती ढिगानं आहेत. आयबीएमचं, एचसीएलचं, विप्रोचं किंवा मुंबईच्या झेनिथचं नाव असलेलं कॅबिनेट कापू नका.

सगळं बसल्यावर शेवटचं काम पुढच्या पॅनलचं. किल्लीचं कुलूप असेल आणि किल्ली हरवली असेल तर त्याच्या तारा बोर्डाला लावूच नयेत. त्या दोन पिना जुळल्या की कीबोर्ड बंद होतो, मोकळ्या असल्या की चालू राहतो. टर्बोचं बटण मात्र लावावं. ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीसाठी लिहिलेले खेळ वेगवान मशीनवर आवरेनासे व्हायचे, म्हणून वेग कमी करायची ही सोय आली होती.

बटणाशेजारी वेग दाखवणारे जे हिरवे किंवा लाल आकडे असतात ते काहीही मोजत नाहीत. मागच्या छोट्या पट्टीवर प्रत्येक रेघेसाठी जंपर असतो आणि आकडा आपणच रचायचा असतो. ४८६ डीएक्स२ चं ६६ मेगाहर्ट्झचं मशीन असेल तर टर्बोत ६६ आणि टर्बो बंद केल्यावर ३३ दिसावं म्हणून असं करायचं: ६ आणि ३ या दोन्ही आकड्यांत वरची, मधली, खालची आणि उजवीकडची खालची या चार रेघा सारख्याच, त्यांचे जंपर 'कायम चालू'वर. डावीकडच्या दोन्ही रेघा फक्त ६ मध्ये, त्या टर्बोला जोडायच्या. उजवीकडची वरची रेघ फक्त ३ मध्ये, ती टर्बो बंद असताना पेटायला हवी. दोन्ही घरांसाठी हेच. जंपरची जागा कंपनीगणिक बदलते आणि त्या पट्टीची माहितीपत्रकं आता सहसा मिळत नाहीत. म्हणून कॅबिनेट उघडल्याबरोबर, जुना आकडा मोडण्याआधी, त्या पट्टीचा मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवावा. कुठला जंपर कुठली रेघ पेटवतो ते मग त्यावरून लावता येतं.